बलभीमचं मानपत्र

शहापूर,
९ जानेवारी १९८६

प्रिय गोपीचंद,

हे पत्र बाबूलाल कंडक्टरच्या हाती देतो आहे. टपालानं पाठवलं असतं तर तीन-चार दिवस गेले असते, आणि तुझ्या बर्फाच्या कारखान्यात आलेलं पत्र आधी कोण फोडेल याचा नेम नाही. बाबूलालला बजावलंय, गोपीचंदच्याच हातात दे. पाकिटात कागदाशिवाय आणखी एक वस्तू आहे, ती तुझ्या हाताला लागली असेलच. तिचं शेवटी सांगतो. मंडईच्या जत्रेतल्या नाटकाचा शेवट पहिल्या अंकातच विचारणारा माणूस तू, पण एवढं पत्र मात्र ओळीनं वाच.

इकडे ठीक आहे. धानाची मळणी उरकली. तुझ्या वहिनीचे, चंद्रभागाबाईचे गुडघे थंडीत दुखतात, आणि ते माझ्यामुळे दुखतात असं तिचं म्हणणं आहे. लक्ष्मणराव मास्तर शाळेतून निवृत्त झाले, आता दिवसभर चहाच्या टपरीवर असतात. तुमच्या कोंढ्याच्या तळ्याचा मासा यंदा बरा निघाला म्हणतात, पण तो नेतं कोण, तर भाड्याच्या गाड्या. तुझी जागा कोणी घेतली नाही.

एकोणीस तारखेच्या बैठकीचं तुला कळलंच आहे. आंधळगावला सखाबाईच्या भावबंदांनी समाजाची माणसं बोलावली आहेत आणि त्या दिवशी तुमची फारकत होणार. दारू पिऊन गाडी चालवली आणि सख्ख्या मेव्हण्याचा जीव घेतला, असं ते चार वर्षं म्हणत आले, तेच तिथे सर्वांसमोर म्हणतील. तुझी गाडी मला जेवढी माहीत तेवढी कोणालाच नाही, म्हणून साक्षीला मला बोलावणं आहे. तू निरोप पाठवलास म्हणे, "त्याईले जे लिहाचं ते लिहू द्या, मी सही करतो." ऐकून मला तुझा राग आला. मग लक्षात आलं की तुझ्यावर रागावण्याचा हक्क मला उरलेला नाही. तो का नाही, तेच लिहायचं आहे.

एकोणऐंशी साल आठव. आपण दोघं एकाच दिवशी नागपूरहून दोन मालवाहू बलभीम घेऊन आलो, तुझी निळी, माझी हिरवी. नवीन कंपनी होती, गाडीचं नाव कोणी ऐकलं नव्हतं, आणि सारा रस्ता हसत होता. तू कागदावर पत्ता माझा लिहिलास, कारण पोस्टमन तळ्याच्या पाळीवरच्या घरांपर्यंत येत नसे. तुझ्या गाडीच्या मागच्या डाल्यात मासळीच्या पेट्या आणि बर्फ, माझ्या डाल्यात धानाची पोती. पहिल्या वर्षी एकदाही वाटेत थांबावं लागलं नाही, तिथेच आपलं डोकं फिरलं. दुसऱ्या वर्षी शहापुरात आठ बलभीम झाल्या, आणि त्या आठांचा पुढारी मी.

तेव्हाचा माज आठवला की आता मजा वाटते. टपरीवर आपला बाक वेगळा, सारथी कंपनीच्या गाडीवाल्यांचा वेगळा. त्यांची गाडी चढावर धापली तर आपण टाळ्या वाजवायचो आणि आपली धापली तर डिझेलमध्ये भेसळ आहे म्हणायचो. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मास्तरांच्या भावाकडे सारथी होती, म्हणून मास्तरसुद्धा त्या बाकावर. एवढा शिकलेला माणूस, पण मी त्यांच्याकडून कधी पेपरसुद्धा वाचायला मागितला नाही.

एक्याऐंशीच्या पोळ्यानंतर तू मला म्हणालास, "भाऊ, गाडी डावीकडं ओढून राहिली. स्टेअरिंगमंदी कायतरी हाय." हे वाक्य मला शब्द न् शब्द आठवतं. टपरीवर होतो आपण, आणि समोरच्या बाकावर सारथीवाले कान देऊन बसले होते. मी मोठ्यानं म्हणालो, "बलभीम ओढत नाही बाबू, तुझा हात ओढते. नाचता येईना अंगण वाकडं." सगळे हसले. तूही हसलास. त्यानंतर तू तो विषय कधी काढला नाहीस.

मग दसऱ्याच्या आठ दिवस आधी ती दोन पाकिटं आली, एक माझ्या नावाचं, एक तुझ्या. जाड कागद, वर लाल शाईत बलभीमची गदा, मधे टाईप केलेलं इंग्रजी, खाली सही आणि गोल शिक्का. मी मराठी सातवी. इंग्रजीतलं मला माझं नाव ओळखता आलं, गाडीचं नाव आणि गाडीचा नंबर ओळखता आला. एवढ्यावर मी ठरवून टाकलं की कंपनीनं आपला सत्कार केला आहे. दुसरं काय असणार? दोन वर्षं आपण त्यांच्या गाड्या खपवल्या होत्या, कोणीतरी पाठीवर थाप मारायलाच हवी होती. तुला निरोप पाठवला, मानपत्र आलं आहे, गाडी धुऊन घेऊन ये.

त्या दसऱ्याला आपण काय केलं ते आज लिहूनच काढतो. आठही गाड्या ओळीनं उभ्या केल्या, चाकाखाली लिंबू, समोर नारळ, आरशाला झेंडूची माळ. आणि त्या दोन कागदांना हळदकुंकू वाहिलं. माझा कागद मी काच लावून चौकटीत बसवला आणि शेडमध्ये खिळा ठोकून टांगला. तू तुझा घडी करून केबिनमध्ये बजरंगबलीच्या तसबिरीमागे ठेवलास आणि तसबिरीला हात लावून नमस्कार केलास. मास्तर रस्त्यानं जात होते, थांबले, चष्मा लावून दारातूनच म्हणाले, "काय लिहिलंय धनीराम, वाचून देऊ का?" आणि मी म्हणालो, "मास्तर, तुमच्या सारथीले असं पत्र आलं का कधी?" मास्तर हसले आणि पुढे गेले. अर्ध्या मिनिटाचं काम होतं ते.

मार्गशीर्षातलं तुला मी काय सांगणार? भर दुपारी, रिकाम्या पेट्या घेऊन तू पवनीकडून परत येत होतास, शेजारी सखाबाईचा भाऊ इश्वर. बोडीच्या, त्या लहान तळ्याच्या वळणावर गाडी सरळ गेली आणि मोहाच्या झाडावर बसली. डावी बाजू सगळी आत आली. मी पोचलो तेव्हा इश्वरला बाजेवर ठेवलं होतं आणि तू रस्त्यावर बसून पोलिसाला सांगत होतास की पहाटे तीनपासून जागा होतो, माझाच डोळा लागला असेल. डोळा लागला असं तू म्हणाला नाहीस, लागला असेल म्हणालास. तो फरक तेव्हा कोणाला ऐकू आला नाही. लोकांनी त्यात दारू घातली. सखाबाई तेराव्याला माहेरी गेली ती गेलीच. तू गाडी भंगारात दिलीस, परवाना पेटीत टाकलास आणि नागपुरात बर्फाच्या लाद्या दुसऱ्यांच्या गाड्यांत चढवायला लागलास.

आता मूळ गोष्ट. पुढच्या होळीच्या आधी मी गाडी नागपूरला ऑईल बदलायला नेली. तिथला फोरमन घनश्याम, त्यानं गाडीचा नंबर रजिस्टरात पाहिला आणि म्हणाला, "तुमचा दांडा बदलवलाच नाही का जी अजून? पत्र नाही मिळालं?" मी विचारलं, कसलं पत्र. तो म्हणाला, स्टेअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा एका खेपेच्या गाड्यांमध्ये कच्चा निघाला, त्याला चीर जाते, गाडी आधी एका बाजूला ओढते आणि मग एक दिवस स्टेअरिंग हातात नुसतं फिरतं. कंपनीनं त्या सगळ्या मालकांना लिहिलं होतं की गाडी चालवू नका, जवळच्या वर्कशॉपात आणा, आम्ही फुकट बदलून देतो. वर गदा होती का, मी विचारलं. हो म्हणाला, लाल गदा. त्यानं तासाभरात माझा दांडा बदलला आणि जुना माझ्या हातात दिला. केसाएवढी चीर होती. नखाला लागत होती, डोळ्याला दिसत नव्हती.

घरी आलो आणि चौकट उतरवली. चंद्रभागाबाईला सांगितलं, काच फुटली. काच धड होती. चौकट धानाच्या कोठीमागे ठेवली आणि चार वर्षं तिथेच राहू दिली. त्याच आठवड्यात उरलेल्या सहाही जणांना हाताला धरून नागपूरला पाठवलं, म्हटलं मोफत तपासणी आहे. त्यांच्या गाड्या नंतरच्या खेपेच्या, दांडे पक्के निघाले. तुला तेवढं सांगितलं नाही.

का नाही सांगितलं याची कारणं मी चार वर्षं जमवतो आहे. इश्वर परत येणार नाही, हे एक. तू स्वतःच कबूल केलं आहेस, मग कशाला खपली काढा, हे दुसरं. सारथीवाले हसतील, हेही होतं. ते लिहायला लाज वाटते, पण पहिले काही महिने तेच सगळ्यांत मोठं होतं. आणि खरं सांगायचं तर तू मला टपरीवरचं ते वाक्य परत म्हणून दाखवशील याची भीती होती. तू दाखवलं नसतंस. तुझा स्वभाव मला माहीत आहे. त्याचाच मी फायदा घेतला. तुझा हात कधी ओढत नव्हता, गोपीचंद. त्या दिवशी तुझा डोळाही लागला नव्हता. माणूस झोपला तर गाडी वाकडीतिकडी जाते. तुझ्या चाकांच्या खुणा वळणाआधीपर्यंत सरळ होत्या, मी स्वतः पाहिल्या होत्या, आणि वळणावर तू ब्रेक दाबलेला होता. झोपलेला माणूस ब्रेक दाबत नाही. हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. सुचलं होतं, असंही म्हणता येईल.

गेल्या सोमवारी बैठकीचं बोलावणं आलं. मी चौकट काढली, पुसली आणि टपरीवर जाऊन सारथीवाल्यांच्या बाकावर मास्तरांशेजारी बसलो. मास्तरांनी पूर्ण वाचून दाखवलं. कागदावर हळदीचं बोट अजून पिवळं होतं. वाचून झाल्यावर ते चष्मा पुसत राहिले. मी म्हटलं, माझ्याबरोबर आंधळगावला चला. चला म्हणाले.

काल गेलो होतो. सखाबाई अंगणात तांदूळ पाखडत होती. मास्तरांनी तिला पत्र ओळ ओळ मराठीत सांगितलं, मी दसऱ्याचं सांगितलं आणि तू स्टेअरिंगचं बोलला होतास तेही सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं नाही. मला वाटलं ती रडेल, किंवा मला घराबाहेर काढेल. तिनं एकच विचारलं, "तुमच्या गाडीचा दांडा कधी बदलवला, भाऊ?" मी म्हणालो, होळीच्या आधी. चार वर्षं झाली. तिनं सुपातले खडे वेचून टाकले. मग म्हणाली, "हे सारं त्याईले लिहून द्या, तुमच्या हातानं. तोंडानं सांगसान त ते हासून सोडून देतीन." म्हणून हे पत्र. माझं मन मोठं झालं म्हणून लिहिलेलं नाही, तिनं लिहायला लावलं म्हणून लिहितो आहे. बैठकीत तिच्या भावांसमोर मी बोलणार आहे, चौकट घेऊनच जाणार आहे, ते माझं मी पाहीन. पण ती बैठकीपर्यंत थांबायला तयार नाही. निघताना तिनं दाराशी येऊन सांगितलं, "मले न्याले याचं असन त गाडी चालवत या म्हणा. बसनं आले त मी येत नाही. आणि मी इश्वरच्याच जागी बसीन." तर पाकिटातली किल्ली माझ्या हिरव्या बलभीमची आहे. गाडी शेडमध्ये उभी आहे, टाकी भरली आहे. परवाना पेटीतून काढ. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, मी दिवसभर शेतावर असतो, शेड उघडी असते. दांडा नवा आहे, ते वर लिहिलंच आहे.

तुझाच,
धनीराम