ह्यांनी भरलेल्या गाळलेल्या जागा

३ मार्च १९७४
...मी तांदूळ निवडत होते, एक डोळा स्टोव्हवरच्या दुधावर, आणि हे दाढी करता करता पॅसिव्ह व्हॉइस म्हणत होते. साधीच सकाळ. तसं इंग्रजी पुन्हा कानावर पडलं नाही. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली.

ऑफिसनं मला ह्यांच्याच जागी घेतलं, चपराशी म्हणून. वीस तारखेला इंग्रजीची परीक्षा. पास झाले तर क्लार्क, नाहीतर जन्मभर साहेबांना पाणी. हे क्लार्क झाले नाहीत, कारण साहेब जळायचे.

ह्यांचं ग्रामर घरात आहे. वरच्या वर्गाचं. प्रत्येक गाळलेली जागा ह्यांनी भरून ठेवली आहे. पाठ केलं की झालं.

७ मार्च
वरच्या मजल्यावरची प्रेमलता, शाळेत इंग्रजी शिकवते. पुस्तक चाळून म्हणाली, मावशी, ह्यात पुष्कळ चुका आहेत, मी शिकवू का? काल लग्न होऊन आलेली पोर. एम.ए. आजकाल संक्रांतीच्या वाणात वाटतात वाटतं.

१२ मार्च
प्रीपोझिशन पाठ. स्वतःची परीक्षा घेतली, ह्यांच्या उत्तरांवरून तपासली. शंभरात सत्त्याण्णव. तीन मुद्दाम कापले, गर्व नको म्हणून.

१६ मार्च
अभ्यास नाही. डोकं दुखलं. येतंच सगळं.

शेजारच्या जिजाबाई म्हणाल्या, "त्या मास्तरणीले काहून नाही विचारत वं?" म्हटलं, घर भरलेलं असताना मागायला कशाला जाऊ? तर म्हणे, "भरलेलं घर एकदा झाडून तं पाय." जिजाबाईंना स्वतःला बसची पाटी वाचता येत नाही.

२० मार्च
पेपर सोपा. सगळ्यांच्या आधी उठले. बाकीच्या पेन चावत होत्या. कीव आली.

८ एप्रिल
निकाल. शंभरात एकोणीस.

हेडक्लार्क मनोहररावांना ऐकवलं, तपासणारा पिऊन बसला असेल, मी ह्यांचीच उत्तरं लिहिली. ते बराच वेळ फाइलची दोरी बांधत राहिले. मग म्हणाले, "बाई, तुमचे रुपराव ह्या परीक्षेला चारदा बसले होते. दर वेळी मला म्हणायचे, घरी सांगू नका जी, तिले वाटते मले येते."

जेवले नाही.

९ एप्रिल
ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म भरला. संध्याकाळी जिना चढून प्रेमलताकडे गेले आणि पहिल्या धड्यापासून शिकव म्हणाले.