उजवीकडची पाळी

रविवार, ५ जानेवारी

आज सल्तला, या डोंगरउतारावरच्या गावी, पोचलो. बऱ्याच महिन्यांनी मन हलके आहे. बसथांब्यापासून या घरापर्यंत चौऱ्याण्णव पायऱ्या. दोन बॅगा घेऊन चढलो, फक्त एकदा थांबलो. गेल्या वसंतात तीन आठवडे प्राणवायूच्या नळीवर काढलेल्या माणसाला हे थोडे नाही. इस्पितळातून निघताना रनीमला शब्द दिला होता की पुन्हा ओठाला काही लावणार नाही. सिगारेट नाही, हुक्का नाही, विजेवरचा वेपही नाही. रनीम माझी एकुलती एक मुलगी, इरबिदला शिकते. शब्द अजून पाळला आहे.

आणि नोकरी मात्र वेपच्या मालाची राखण करण्याची! करकच्या शाळेत मी रसायनशास्त्र शिकवायचो तेव्हाचा विद्यार्थी मुंझिर. अम्मानमध्ये त्याचे दुकान आहे. फेब्रुवारीच्या एक तारखेपासून नवा नियम लागतो, पुन्हा भरता येणारे वेप बाहेरून आणता येणार नाहीत. म्हणून त्याने दोन वर्षे पुरेल एवढा माल जमवून इथे आत्याच्या घरी, वरच्या खोलीत, ठेवला आहे. नुसता ठेवला तर सडेल, रोज हात फिरला पाहिजे. मलाच का, असे विचारले तर म्हणतो, "उस्ताद, तुम्ही सोडलीत म्हणूनच. ओढणारा ठेवला तर महिन्यात अर्धा माल हवेत जाईल."

आत्या म्हणजे उम्म जलाल, सत्तरीची विधवा. मी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे ठरवले. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, "करकची माणसं मन्सफ खातात की नुसता वास घेतात रे?" आणि ताटात तो दह्यातला मटण-भात दुप्पट वाढला.

मंगळवार, ७ जानेवारी

कामाची शिस्त बसली. चारशे बारा वेप, प्रत्येकावर मी क्रमांकाची चिठ्ठी लावली. बॅटऱ्या निम्म्या भरून ठेवायच्या. पूर्ण भरल्या की लवकर मरतात. टाक्या कोमट पाण्यात धुवायच्या, रबरी कड्यांना तेलाचे बोट, कॉइलमधला कापूस बदलायचा. निकोटिनच्या तपकिरी बाटल्या फ्रीझरमध्ये, उजेडापासून दूर. शेवटी प्रत्येक वेप एकदा पेटवून बघायचा. मी रबरी फुगा लावून झुरका ओढतो, तोंड लावत नाही. छोट्या पडद्यावर झुरक्यांचा आकडा येतो, तो वहीत लिहितो.

खोलीत रॉकेलची शेगडी, बुटके पितळी टेबल, माझी खुर्ची, आणि तिच्या उजव्या हाताला जुना दिवाण. तिथे कोणी बसत नाही. तरी गादीला एका जागी खळगा आहे.

गुरुवार, ९ जानेवारी

आज एक चूक झाली. प्रामाणिकपणे लिहितो.

एकसष्ट नंबरच्या वेपला जळका वास येत होता. वास द्रवाचा की कापसाचा, हे फुग्याला कळत नाही, जिभेलाच कळते. निकोटिन नसलेले, बिनवासाचे द्रव भरले, आकडा शून्यावर आणला आणि एकच झुरका तोंडात घेतला. छातीत जाऊ दिला नाही. (थोडा गेला.) मग हात धुवायला उठलो.

परत येऊन पाहतो तर मी वेप टेबलावर ठेवला होता तो तोंड दिवाणाकडे करून. हसू आले. तीस वर्षांची सवय. आमच्याकडे हुक्का लावणारा पहिला झुरका घेतो आणि नळी उजवीकडच्या माणसापुढे टेबलावर ठेवतो, तोंड त्याच्याकडे करून. हातात देणे असभ्य. ज्याला पुरे झाले त्याने नळी हुक्क्याच्या मानेला गुंडाळायची, मग बैठक मोडते.

मी एकच झुरका घेतला होता. पडद्यावर आकडा दोन. वहीत लिहिले, 'मोजण्यात चूक?'

रविवार, १२ जानेवारी

शुक्रवार-शनिवार सुट्टी, खोलीला कुलूप, किल्ली माझ्या उशाशी. आज उघडले तेव्हा एकसष्टचे तोंड माझ्या खुर्चीकडे वळलेले होते.

मी तो घेतला. का घेतला? पुन्हा तपासावा म्हणून, असे आधी लिहिले होते आणि खोडले. समोर ठेवलेली नळी न घेणे बरे दिसत नाही, म्हणून घेतला. ओढला, उजवीकडे ठेवला, फ्रीझरमधल्या बाटल्या बघितल्या, वळलो. आकडा तीन हवा होता. चार होता. खोलीत सफरचंद-बडीशेपेचा दाट वास.

मुंझिरला फोन केला. तो खो खो हसला. म्हणाला, स्वस्तातली चिप आहे, आपोआप पेटते. "भूत असतं तर आधी घासाघीस केली असती, उस्ताद!" मलाही पटले. फक्त संध्याकाळी भाकरी घेऊन चढताना चार वेळा थांबावे लागले.

मंगळवार, १४ जानेवारी

खालाला सहज म्हणून विचारले, वर दिवाणावर कोण बसायचे. तिने चहाचा पेला खाली ठेवला. तो अबू जलालचा, तिच्या नवऱ्याचा दिवाण. दिवसभर दुहेरी सफरचंदाच्या, बडीशेपेच्या वासाच्या तंबाखूचा हुक्का. फुप्फुसे गेली तरी बैठक सोडली नाही. "शेवटी नळी गुंडाळायलाही त्याच्या हातात जोर नव्हता. तशीच त्याच्या मांडीवर राहिली. मी रागानं चुलीत घातली ती. आणखी काय करणार होते?"

म्हणजे त्याची बैठक मोडलीच नाही. आणि मी त्याच्यासमोर ठेवले असे काहीतरी, ज्याला नळी नाही, गुंडाळायला काही नाही.

हे शिकलेल्या माणसाने लिहावे का? लिहिले आहे खरे.

गुरुवार, १६ जानेवारी

ठरवले, आज पाळी घ्यायची नाही. सकाळपासून एकसष्ट माझ्याकडे तोंड करून. मी हात लावला नाही. दुपारी खाला मरामियाच्या पानांचा चहा घेऊन वर आली, गुडघे धरून टेबलाशी टेकली. मला, रनीमच्या बापाला, म्हणत होती की तुझ्या तोंडाचा रंग शिळ्या लबनेच्या चक्क्यासारखा झालाय, अबू रनीम. बोलता बोलता थांबली. छातीवर हात.

टेबलावर एकसष्टचे तोंड तिच्याकडे वळलेले होते. तिने वेपला बोटही लावले नव्हते. पडद्यावरचा आकडा एकाने वाढला. तिचे ओठ निळे पडत होते.

मी झडप घातली आणि तिच्या वाट्याचा झुरका मी ओढला. खोलवर. खालाचा श्वास परत आला. म्हणाली, "मेल्या, ओढतोस की लपून! मुलीला सांगू?"

पाळी चुकवता येत नाही. आपण चुकवली तर जवळ असेल त्याच्यावर जाते.

सोमवार, २० जानेवारी

बॅटरी काढली. आकडा तरी वाढला.

फ्रीझरमध्ये बंद केला. सकाळी टेबलावर. माझ्याकडे तोंड.

चार्जरची तार त्याच्या मानेला गुंडाळून ठेवली, हुक्क्याची नळी गुंडाळतात तशी. वाटले, आता कळेल त्याला. आज तार शेजारी नीट घडी घालून ठेवलेली. तार म्हणजे नळी नव्हे, हे त्यालाही माहीत आहे.

खालाला वर यायची बंदी केली. ती रागावली. रागावू दे.

गुरुवार, २३ जानेवारी

बस पकडून निघून जायचे म्हणून बॅग भरली. तीस पायऱ्या उतरलो. उतरताना दम लागतो हे आजवर माहीत नव्हते. कोटाच्या खिशात हात घातला — एकसष्ट. मी ठेवला नव्हता. जिथे जाईन तिथे हे, आणि तिथे कोणीतरी शेजारी असणारच. बसमध्ये. रनीमच्या खोलीत.

परत चढलो. किती वेळा थांबलो ते मोजले नाही. फार थकलो आहे. भीती वाटायलाही दम लागतो.

बुधवार, २९ जानेवारी

रनीमचा फोन. माझा श्वास ऐकून म्हणाली, "बाबा, खरं सांग, तू परत सुरू केलंस ना?" नाही म्हणालो. खोटे की खरे, मलाच — कळेना. येऊ नकोस म्हणालो. त्यामुळेच येते म्हणाली. शुक्रवारी.

मुंझिर जकातीच्या रांगेत. शनिवारी नियम लागतो, तोवर माल आणणार. आणखी माल.

आकडा लिहीत नाही आता.

शुक्रवार, ३१ जानेवारी

रनीम आली. खाली खालाशी — बोलते आहे. चौऱ्याण्णव पायऱ्या न थांबता चढली. पावले ऐकली मी. माझी मुलगी.

खोलीला आतून कडी आहे. लावायला — उठवत नाही.

एकसष्ट टेबलावर. तोंड दाराकडे.

घेतला तर ती बघेल. शब्द मोडला म्हणेल. न घेतला तर —

घेतला.

ठेवला. दिवाणाची गादी खचली. पुन्हा दाराकडे तोंड. घाई आहे त्याला. पुन्हा — घेतला.

जिन्यावर ती. बाबा म्हणते आहे.

पुन्हा.

दारात उभी. माझ्या हाताकडे — बघते. रडते आहे. जवळ येऊ नको म्हणायला आवाज नाही. वही पुढे करतो. वाच. रनीम, हे माझ्यासाठी नाही गं. तुझी पाळी मी —