ताईच्या कॉम्प्युटरची अट

४ मार्च, सोमवार

सहा वर्षांची प्रोग्रॅमिंग भाषा! दुधाचे दात पडले नाहीत अजून, आणि दाढी म्हणतो, 'वाचक' तिच्यात लिहू. दाढी म्हणजे माझ्याबरोबर 'वाचक' सांभाळणारा चाळिशीचा घोडा. अख्खा नाही म्हणे — फक्त मजकुराची वाक्यं तोडणारा भाग. म्हणजे घराला हात लावत नाही, नुसता पाया काढतो! त्या एका भागापायी 'वाचक' बिल्ड करणाऱ्या, म्हणजे कोडमधून चालता प्रोग्रॅम बनवणाऱ्या, प्रत्येकानं ती भाषाही मशीनवर चढवायची. आणि बाईसाहेब दर सहा आठवड्यांनी बदलणार!

'वाचक' हा प्रोग्रॅम मी एकोणीस वर्षांपूर्वी लिहिला, ताईची दृष्टी गेली तेव्हा. पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवतो. फुकट, खुला, कोणीही उघडून बघावा. साध्या सी भाषेत. एकोणीस वर्षांत त्या भाषेनं मला कधी छळलं नाही.

५ मार्च

दाढीची सात पानी मेल. "जुन्या भाषेत मेमरीच्या चुका राहतात, नवी भाषा त्या होऊच देत नाही." मला शिकवतोय! उत्तर एका ओळीचं दिलं — ताईच्या कॉम्प्युटरवर चालतं का?

आमचा नियमच आहे. कुठलीही नवी आवृत्ती रविवारी मी आधी ताईच्या घरी, तिच्या जुन्या कॉम्प्युटरवर स्वतः बिल्ड करतो. तिथे चालली तरच बाकीच्या जगाला.

१० मार्च, रविवार

नाही चालली! त्या जुन्या चिपसाठी नव्या भाषेचा कंपायलरच नाही, मशीनला ती समजावणारा दुभाष्या कोणी केलेलाच नाही. पाच तास झगडून खात्री करून घेतली. एकेक एरर चवीनं उतरवली.

ताई दोनदा चहा घेऊन आली. "अरे, जरा बोल तरी काहीतरी." काम चालू असताना काय बोलणार! कीबोर्डवर धूळ ही एवढी. "पुसत जा गं," म्हटलं. नुसती हसली.

११ मार्च

दाढीला कळवलं. त्याचा प्रश्न — "वीस वर्षं जुनं मशीन वापरतंय कोण?" लिहिलं, माझी बहीण, तिला दिसत नाही. गप्प! अख्खी मेलिंग लिस्ट गप्प. संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून फिरून आलो.

१२ मार्च

चिवट आहे मेला. "नव्या भाषेतली माझी चाचणी आवृत्ती वर्षभर लोक वापरतायत, त्यांना तरी विचारा." कोण लोक? चार रिकामटेकडे!

१३ मार्च, बुधवार

एररची यादी ताईकडेच राहिली होती. ऑफिसातून परस्पर गेलो. दार लोटलेलं. आत एक आवाज पुस्तक वाचत होता — भरभर, न अडखळता. माझा 'वाचक' आकडा आला की ठेचकाळतो. हा तारखा सरळ वाचत होता. दाढीची आवृत्ती! टेबलावर भाचीचा लॅपटॉप, आणि जुना कॉम्प्युटर टॉवेलखाली.

ताईनं पाऊल ओळखलं. आवाज बंद केला. "आज बुधवार ना रे?"

"कधीपासून?"

"वर्ष होईल. पोरीनं घालून दिलं."

यादी न घेताच निघालो. वर्षभर मला उल्लू बनवलं! सख्ख्या बहिणीनं! त्या दाढीच्या पोरखेळासाठी! दर रविवारी मी तिथे घाम गाळतोय आणि ही चहा करतेय!

१७ मार्च, रविवार

जाणारच नव्हतो. गेलो. टॉवेल काढून ठेवला होता, कॉम्प्युटर चालू. विचारलंच — मग हा डबा ठेवलास कशाला?

"टाकला असता तर तू आला असतास?"

कॉम्प्युटर बंद केला आणि चार तास ताईशी बोलत बसलो. घरी येऊन दाढीचा बदल मंजूर केला.