निळी सुरई

दि. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघा अगदी ठीक आहे असं तू लिहिलंस, म्हणजे तो दुखतोय हे मी समजलो.

इथली मोठी बातमी अशी, की आपला काचकारखाना पुन्हा उघडतोय. बाटल्यांसाठी नव्हे, कलाकेंद्र म्हणून. भट्टीच्या दालनात नाटकं होणार. तू बाटल्या तपासायचीस त्या लांबड्या खोलीत आता चित्रकार मंडळी बसतात; उजेड मात्र तसाच तिरपा टेबलांवर येतो. निम्मी गल्ली खूश आहे, निम्मी म्हणते की आता इथे चहासुद्धा परवडायचा नाही. मी रोज फेरी मारतो आणि दोघांनाही मान डोलावतो.

केंद्राच्या संचालिका बाईंनी एक कपाट मांडलंय. कामगारांनी जेवणाच्या सुट्टीत, उरलेल्या काचेतून केलेल्या वस्तू त्यात आहेत. त्या सगळ्या कारखान्याच्या साहेबांच्या जुन्या गोदामात सापडल्या. त्यात एक निळी सुरई आहे, मान जराशी वाकडी, आणि तळाला चक्क बाबांचा हजेरी नंबर! आमच्या वडिलांची, असं मी जागच्या जागी सांगून टाकलं. तसं कार्डही लागलं. चौदा तारखेच्या उद्घाटनात मी बाबांवर चार शब्द बोलणार आहे. त्यांना भट्टीवरून काढलं ती चोरीची भानगड अर्थात वगळतो. आता ती आठवणारं उरलंय कोण? तुला काही चांगलं आठवत असेल तर लगेच कळव.

हिचा नमस्कार. लोभ आहे तेवढा पुरे म्हणणार नाही, आणखी चालेल.

तुझा,
छोट्या


दि. ९ मार्च

चि. छोट्यास,
अनेक आशीर्वाद.

चौसष्ट वर्षांच्या माणसाला चिरंजीव लिहिताना हसू येतं, पण सवय जात नाही. गुडघा दुखतोय. झालं समाधान?

आता नीट बसून वाच. ती सुरई बाबांची नाही. त्यांच्या हातून मान कधी वाकडी आली असती का? ती माझी आहे.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. दिवसभर बाटल्या उजेडात धरून बुडबुडे शोधायचे, आणि काच फुंकणारे हात मात्र लांबून बघायचे. बायकांना भट्टीपाशी मनाई होती. एकदा मी बाबांना म्हटलं, की मलाही फुंकायचंय. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी नळी माझ्या हातात दिली आणि एवढंच सांगितलं, की जोर लावू नकोस, श्वास सोड. दोन महिने शिकले. औषधाच्या बाटल्यांची निळी काच उरली होती, तिची ती सुरई झाली. गार झाली त्याच दिवशी साहेब दारात उभे राहिले.

बाबांनी माझ्या हातातली सुरई घेतली, कानस उचलली आणि साहेबांच्या देखत तळाला आपला नंबर कोरला. माझीच आहे म्हणाले. मग कंपनीची काच चोरल्याचा ठपका, आणि सहा महिने फुटक्या काचांच्या ढिगावर. माझी नोकरी वाचली. मी पुन्हा नळीला हात लावला नाही.

भाषणात काय सांगायचं ते तू ठरव.

घरच्या सगळ्यांना आशीर्वाद. रागावलास तरी पत्र टाकत जा.

तुझी,
ताई


दि. १६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लिहून नेलेलं भाषण खिशातच राहिलं. त्याऐवजी तुझं पत्रच मोठ्याने वाचू लागलो आणि कानसीपर्यंत आल्यावर चष्मा पुसायला थांबलो. तेव्हा मागून एक म्हातारी उठली. तुझ्याच टेबलावर काम करायची म्हणे. तिने भर सभेत सांगितलं, की आम्हा सगळ्या बायकांना हे ठाऊक होतं, आम्ही दाराशी पाळीपाळीने पहारा द्यायचो. दालनात इतक्या टाळ्या पडल्या, ताई! संचालिका बाईंनी कार्ड बदललंय. आता त्यावर तू आहेस.

पण मला झोप नाही. मी दहा वर्षांचा होतो. पोरं मला चोराचा पोरगा म्हणायची. त्या सहा महिन्यांत मी बाबांचा डबा फाटकावर न्यायचं बंद केलं. पोट दुखतं, अभ्यास आहे, काय वाट्टेल ते सांगायचो. पुढेही त्यांच्याशी कधी धड बोललो नाही. ते गेले तेव्हासुद्धा मनात ती अढी होतीच. आता क्षमा कुणाकडे मागू?

उत्तर लवकर धाड. एवढी एक मेहेरबानी कर.

तुझा,
छोट्या


दि. २१ मार्च

चि. छोट्यास,
अनेक आशीर्वाद.

बाबा रोज बाराला ढिगावरून फाटकाकडे बघायचे. मग मला म्हणायचे, की त्याची शाळा असेल. रविवारीसुद्धा हेच म्हणायचे. तू का येत नाहीस ते त्यांना पक्कं माहीत होतं. छोट्याला खरं सांगते असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाले, की पोराच्या तोंडून कुठे निघालं तर तुझी नोकरी जाईल, त्याचा राग मी सोसेन.

ते तेव्हाचं झालं. पण बाबा गेल्यावर पस्तीस वर्षं माझं तोंड कुणी धरलं होतं? आधी सासरी काय वाटेल म्हणून गप्प राहिले, मग नुसतीच सवय झाली. तुझे वडील मी तुझ्यापासून लपवून ठेवले, छोट्या. क्षमा मागायचीच असेल तर मी मागते.

शुक्रवारच्या गाडीने निघते आहे. तुला काचेबिचेतलं काही कळत नाही, तरी सुट्टी किती वाजता व्हायची, भट्टी कुठे होती, बाबा कुठे उभे राहायचे, हे तुला जागेवर दाखवायचंय. फाटकाशी थांब. आपण दोघं मिळून आत जाऊ.

बाकी भेटीअंती.

तुझी,
ताई