मावशीच्या कमरेतली उसण

११ मार्च, सकाळ
मावशीच्या कमरेत उसण भरली आहे. निदान माझं मीच केलं. मावशी म्हणजे आमची मांजर. वाघाची मावशी, म्हणून मावशी. काल कपाटावर उडी मारायला गेली आणि अर्ध्यातूनच खाली आली. मग असं तोंड केलं, की जसं काही तिला वर जायचंच नव्हतं.
आमची ही म्हणाली, किती दिवस ती अशीच करतेय, डॉक्टरला दाखवा. मी म्हणालो, माझीही कमर दुखतेच आहे, मी गेलो का डॉक्टरकडे? ही म्हणाली, तेच तर म्हणतेय मी.
संकल्प : शेक, विश्रांती, कडक गादी. दोघांनाही.

१३ मार्च
माझा जन्म गाद्या भरण्यात आणि सोफे शिवण्यात गेला. शाळा सातवीत सुटली, पण पाठ कुठे टेकते आणि कुठे दबते, हे माझ्याइतकं कुणाला कळणार? मावशीसाठी काथ्या भरून घट्ट गादी केली. ती धुवायच्या कपड्यांवर जाऊन झोपली. सवय व्हायला वेळ लागेल.
गरम पाण्याची पिशवी आधी मला, मग तिला. पाठीवरून बोट फिरवताना मणक्यावर एका जागी टणक लागलं. गाठ नाही. सूज. जरा दाबून पाहिलं तर कडकडून चावली. चावण्यात जोर होता, म्हणजे अंगात ताकद आहे. चांगलं लक्षण.

१४ मार्च
माझ्या दुखण्यावरची गोळी अर्धी करून तिच्या दुधात घालत होतो, तेवढ्यात हिने वाटी हिसकावली. म्हणाली, माणसाच्या गोळीने मांजर मरतं. मी म्हणालो, अर्धीच आहे. ही म्हणाली, मग अर्धंच मरेल का?
हिने माझ्या मागे जनावरांच्या डॉक्टरला फोन केला. जाऊ. हिची समजूत पटवण्यापुरतं.

१७ मार्च
डॉक्टर म्हणजे एक मुलगी. आमच्या लेकीपेक्षाही लहान. तिचा वेळ वाचावा म्हणून आत गेल्या गेल्या निदान सांगून टाकलं. ती म्हणाली, आजोबा, मला बघू तरी द्या.
तिने मावशीचा मागचा पाय उचलला आणि पंजा उलटा करून टेबलावर टेकवला. धडधाकट मांजर तो लगेच सरळ करतं म्हणे. मावशीने तसाच राहू दिला. मी म्हणालो, आळशी आहे ती. डॉक्टर हसली नाही. मग एक्स-रे.
फोटो दाखवून म्हणाली, हा मणका बघा, वाळवीने खाल्लेल्या लाकडासारखा दिसतोय. हाडाचा कॅन्सर असावा असं वाटतंय. नक्की सांगायचं तर भूल देऊन मोठं स्कॅनिंग आणि हाडाचा तुकडा काढून तपासणी. या जागी ऑपरेशन बहुतेक करता येत नाही. मोठ्या हॉस्पिटलात किरणांचं यंत्र आहे, पण त्यानेही दुखणंच कमी होईल, आजार जाणार नाही.
वाळवी लागलेल्या कितीतरी खुर्च्या मी वाचवल्या आहेत, हे तिला कुठे माहीत?
मी म्हणालो, घुरघुर ऐका तिची, खुशीत आहे. ती म्हणाली, मांजरं दुखत असतानाही घुरघुरतात, आजोबा.
हे मला पटलं नाही. मग माणसाने विश्वास तरी कशावर ठेवायचा?
ता.क. माझी कमर आज जास्त दुखतेय. एक्स-रेच्या खोलीत गारठा होता, त्याने.

१८ मार्च
दोन औषधं दिली आहेत. एक सूज उतरायला, एक दुखणं थांबायला. दुसऱ्याचे थेंब हिरडीला लावायचे. जनावराला आपण काय देतो ते माहीत असावं, म्हणून एक थेंब स्वतःच्या जिभेवर टाकून पाहिला. कडू. पण थोड्या वेळाने कमरेला बरं वाटलं.
हिला बोललो नाही. उगाच विषय वाढतो.

२२ मार्च
मावशी बरी झाली. सकाळी ताटली चाटूनपुसून साफ केली, खिडकीशी बसून चिमण्यांना शिव्या दिल्या. उसणच होती.
लेकीचा फोन आला. म्हणाली, बाबा, ते औषधामुळे आहे हो. मी म्हणालो, औषधाने बरं वाटणं यालाच बरं होणं म्हणतात. ती म्हणाली, आईला फोन द्या. पटलं असावं.
मोठं स्कॅनिंग रद्द. चांगल्या जनावराला भूल कशाला द्यायची?

२५ मार्च
औषधं बंद केली. निरोगी अंगात औषध म्हणजे विषच. हिने विचारलं, दिलं का? मी म्हणालो, दिलं. कधी दिलं, ते तिने विचारलं नव्हतं.

२६ मार्च
मावशी दिवसभर पलंगाखाली. थंड फरशी आवडत असेल. कमर बरी झाली की हालचाल हवी, हा माझा अनुभव. मीही उद्यापासून फिरायला जाणार.

२७ मार्च
फिरायला गेलो नाही. कमर.
ही बाजारात गेली होती. मावशी ठणठणीत आहे हे एकदाचं सिद्ध करावं, म्हणून तिला उचलून कपाटावर ठेवलं. तिची जुनी जागा. पाय पोटाखाली घेऊन बसली, डोळे बारीक केले. अगदी पूर्वीची मावशी. मला वाटलं, ही आल्यावर दाखवू आणि मग बोलू.
ही आली. पिशवीचा आवाज ऐकून मावशीने वरून उडी टाकली. पुढचे पाय उभे राहिले. मागचे राहिलेच नाहीत. तिने एक आवाज काढला. इतक्या वर्षांत तसा आवाज मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता. मग पुढच्या पायांनी अंग ओढत सोफ्याखाली गेली. तो सोफा मीच केलेला आहे. खाली हात जात नाही.
मी म्हणालो, आपणहून चढली होती. ही म्हणाली, कशी? मी म्हणालो, चढवली. मग औषधाचंही सांगितलं. विचारलं नसतानाही सांगितलं, हे इथे लिहून ठेवतो.
ही रागावली नाही. मला तेच आवडलं नाही.

२८ मार्च
डॉक्टरने फोनवर सांगितलेलं सगळं केलं. थेंब पुन्हा चालू. फरक नाही. झोपल्या जागी तिला सगळं होतंय. ही वरचेवर कापड बदलते. मी घट्ट गादीवर एक मऊ गादी घातली. ती त्यावर झोपली, कारण तिला उठता येत नाही.
संध्याकाळी मी म्हणालो, दोन दिवस वाट पाहू, उतार पडेल. ही म्हणाली, मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. आपल्या घरी उलटं आहे. ती उघड्या डोळ्यांनी मरतेय आणि मिटून बसलायत ते तुम्ही.
डॉक्टरने उद्या बोलावलं आहे. उद्या म्हणजे काय, तेही तिने हिला सांगितलं आहे.
संकल्प : उद्या मी स्पष्ट बोलणार. किरणांच्या यंत्राचं विचारणार. आणि तसंच काही ठरलं, तर मावशीला मीच मांडीवर धरणार. माझ्याशिवाय ती कुणाकडे शांत राहत नाही.

२९ मार्च, दुपार
स्पष्ट बोललो. डॉक्टरने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, आजोबा, तिथवरचा प्रवासही तिला आता झेपणार नाही. दुखणं थांबवणं एवढंच आपल्या हातात आहे. मावशी घुरघुरत होती. या वेळी मी ती कुणाला ऐकवली नाही.
डॉक्टरने विचारलं, इंजेक्शन देताना आत थांबणार ना? मी हो म्हणालो. मग लक्षात आलं, की छत्री बाहेर बाकावर राहिली आहे. हल्ली कुणाचा भरवसा नाही. मावशीला हिच्या हातात दिलं आणि बाहेर आलो. छत्री होती. पण एकदा बसल्यावर चटकन उठता येत नाही मला.
शेजारी एक बाई ससा घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, तुमचं काय? मी म्हणालो, मांजर. कमरेत उसण भरली आहे. त्या म्हणाल्या, मांजरालाही भरते? मी त्यांना शेक, विश्रांती, गादी, सगळं नीट समजावलं. बाई मन लावून ऐकत होत्या. मी बोलत राहिलो.
दार उघडलं. ही बाहेर आली. मावशीला आणलेली टोपली दोन बोटांवर लटकत होती. बाईंनी टोपलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
मी म्हणालो, ठेवून घेतलंय तिला. बरी झाली की नेऊ.
माझं खोटं जागच्या जागी पकडायची हिची जुनी सवय. चार माणसांतही सोडत नाही. मी वाट पाहत बसलो.
ही बाईंना म्हणाली, हो, ठेवून घेतलंय. मग मला म्हणाली, चला, उठा आता. आणि हात पुढे केला.
कमर धरली होती म्हणून. नाहीतर मी तो धरला नसता.