आपल्या विहिरीचं पाणी

प्रिय चिमणे,

पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. आळस म्हणू नकोस. तळ्याच्या तळात नळी खुपसून गाळ काढायचा, थराथराने कापायचा आणि कोणत्या काळात पाण्यात काय मिसळलं ते शोधायचं, यातच दिवस जातोय. तुझा नवरा मला ‘चिखलातली डॉक्टर’ म्हणतो, ते काही खोटं नाही.

यंदा तळ्यातल्या गोगलगायी संपल्या. उरलेल्या थोड्या प्रयोगशाळेतल्या टाकीत जपल्या होत्या, त्याही गेल्या. आमचे सर म्हणत होते, उन्हाळे तापलेत, पाणी आटतंय, त्याचाच हा परिणाम. तेही खरंच गं. पण गाळ वेगळंच सांगत होता. पलीकडच्या काठावर बॅटरीचा कारखाना आला, त्या वर्षापासूनच्या प्रत्येक थरात कॅडमियम. हा धातू अंगात साठत जातो, आधी मूत्रपिंडं खातो, मग हाडं.

सरांना दाखवलं तर त्यांनी आधी दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाले, “हे छापलंस तर कारखानेवाले तळ्यावर पुन्हा पाय ठेवू देणार नाहीत.” मी छापलं. सरांनी निबंधावरून स्वतःचं नाव काढून घेतलं, आणि तळ्याला आता कुंपण आहे. सरांचा राग येत नाही. त्यांना निवृत्त व्हायचंय, मला झोपायचंय.

झोप मात्र येत नाही. हाडांचं वाचल्यापासून आई डोळ्यांपुढून हलेना. पन्नाशीही गाठली नव्हती, आणि नुसती कूस बदलताना तिची बरगडी मोडली होती. आपण दोघी तिच्यावरच चिडायचो, नीट जेवत नाहीस म्हणून. शेवटी आपल्या जुन्या घरी गेले, विहिरीतून बाटलीभर पाणी काढलं आणि स्वतःच तपासलं. तळ्याचंच पाणी झिरपतं तिथे. तोच धातू, गाळातलाच.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. मी माझी तपासणी करून घेतली. मूत्रपिंडं बिघडायला लागली आहेत. डॉक्टर म्हणतात, झालं ते भरून येणार नाही, पुढचं लांबवता येईल. तू लग्न होईपर्यंत तेच पाणी प्यायलीस, बाळंतपणालाही तिथेच आलीस. उद्या सगळी कामं बाजूला ठेव आणि रक्त-लघवी तपासून घे. तुझी आणि लेकीचीही. काय निघेल ते मला खरं कळव, माझा जीव सांभाळायला खोटं लिहू नकोस.

तुझीच,
ताई