चौकशीत न सांगितलेलं

बर दुबई,
१४ नोव्हेंबर

प्रिय शोभनाताई,

सप्रेम नमस्कार. घरी सगळे मजेत असाल. इथली हवा आता जरा माणसात आली आहे. तुमच्या गिरिजासाठी परवा मीना बाजारातून साडी आणली. वांगी रंग की मोरपंखी, यावर आमच्या ह्यांनी दुकानदाराला तासभर छळलं.

फोन सोडून हे पत्र कशाला, असं वाटेल. माझा फोन आमचा रणजित बघतो. शेजारच्या नर्मदाबाई उद्या पुण्याला निघाल्या आहेत, त्यांच्या हाती देते आहे. एकट्याच वाचा.

मध्येच उठून गॅस बंद करून आले. चालूच नव्हता.

काल जेवताना माझी नात इशिता, लेकीची मुलगी, मोबाइलवर बातमी वाचत होती. कुठल्याशा देशात बायकोला मारल्याबद्दल शिक्षा झालेल्यांची यादी करणार म्हणे, कुणालाही पाहता येईल अशी. हे म्हणाले, "एक चूक झाली की खलास? जन्मभर चव्हाट्यावर?"

"ॲट लीस्ट द नेक्स्ट गर्ल विल नो, आजोबा. पुढच्या मुलीला आधी कळेल तरी," इशिता म्हणाली.

रणजित अर्ध्या जेवणातून उठला.

तुमचे दीर सदानंदराव रीतसर चौकशीला आले होते. पगार, व्हिसा, फ्लॅट, पिणं, सगळं विचारलं. पहिल्या लग्नाचं विचारलं तेव्हा मी म्हटलं, "पटलं नाही हो दोघांचं." आपल्यात एवढ्यावर भागतं. पुढे खोदून कुणी विचारत नाही, हे मुलाच्या आईला पक्कं ठाऊक असतं. मलाही होतं.

आमची सून आभा पोलिसात गेली होती, ताई. कोर्टात गुन्हा शाबीत झाला, रणजितला शिक्षा झाली. घराची अब्रू घालवली म्हणून मी तिलाच बोल लावले! तिचा हात दोन ठिकाणी मोडला होता. दवाखान्यात डॉक्टरांना मीच सांगितलं, बाथरूममध्ये पाय घसरला. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. लाज वाटते मला, फार लाज वाटते.

आता तो सुधारला असेल, असं मी स्वतःला रोज समजावते. पण मागच्या मंगळवारी आमटी खारट झाली म्हणून त्याने वाटी भिंतीवर फेकली. ह्यांनी फरशी पुसली. मी दुसरी आमटी फोडणीला टाकली.

पोटचा आहे. त्याचा संसार व्हावा असं अजूनही वाटतं, खोटं कशाला बोलू? पण गिरिजाच्या जिवावर नको.

साखरपुडा दहा दिवसांवर आला आहे. मोडा. पत्रिका जुळत नाही वगैरे सबबी सांगू नका, नाहीतर आम्ही दुसरं स्थळ बघायला मोकळे. सरळ हे पत्र दाखवा, हवं त्याला दाखवा. रणजित मला जाब विचारेल. त्याची भीती वाटते, तरी दाखवा.

पुढे मी फिरले, असलं काही लिहिलंच नाही म्हणाले, तर माझ्यावर विश्वास ठेवू नका. म्हणून सही पूर्ण नावाने करते आहे.

तुमची विहीण होऊ नये अशी,
रणजितची आई,
कमलिनी वसंत पोतनीस